वाचकांची पत्रं: झोपायच्या आधीची वीस पानं

मागच्या अंकात याच पानावर मी ओझरतं लिहून गेले होते की दमल्याभागल्या माणसाने रात्री खुशाल हलकीफुलकी रहस्यकथा वाचावी, त्यात चोरी कसली. त्यावर इतकी पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सअपवर तर लोकांनी उशाशी ठेवलेल्या पुस्तकांचे फोटो काढून पाठवले, की यावेळी अख्खं पान त्यालाच देतेय. मी प्राध्यापक नाही, समीक्षक नाही, ठाण्यात राहते आणि वर्षानुवर्षं लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने पुस्तक धरत आलेय, त्यामुळे जे सांगतेय ते एक वाचक म्हणून सांगतेय.

ताई, मी ४४ वर्षांची. घर ऐरोलीला, ऑफिस ठाण्याला. सकाळी डबे, संध्याकाळी सासूबाईंची औषधं, यावर्षी मुलाची दहावी. रात्री साडेदहाला पाठ टेकते तेव्हा जेमतेम वीस पानं होतात. आधी मी जाडजाड कादंबऱ्या वाचायचे, आता त्या उघडवतच नाहीत, साधीशी रहस्यकथाच लागते आणि तीही रक्तबंबाळ नको. आमच्या वाचन ग्रुपमध्ये हे बोलले तर एकजण म्हणाल्या, "म्हणजे तू वाचन सोडलंसच की." तेव्हापासून लागून राहिलंय मनाला. मी खरंच घसरलेय का हो? (वाचक, ऐरोली)

अजिबात नाही, आणि हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाहीये.

तुमच्याच पत्रात बघा ना. डबे, औषधं, दहावी. म्हणजे दिवसभर तुमची नजर घरभर फिरत असते, सिलिंडर कधी लावला होता, सासूबाईंनी आज अर्धी पोळी ताटातच का ठेवली, मुलगा क्लासवरून आल्यावर न बोलता थेट खोलीत का गेला, हे सगळं तुम्ही टिपत असता आणि या टिपण्याला घरात कोणी काम म्हणत नाही. आता मिस मार्पल घ्या. ॲगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेने उभी केलेली ही म्हातारी डिटेक्टिव्ह, मिस मार्पलची पहिली कादंबरी १९३० साली आली. लहानशा गावात एकटी राहते, हातात कायम लोकरीचं विणकाम, पोलीस तर तिला सुरुवातीला मोजतच नाहीत. आणि ती केस सोडवते कशाच्या जोरावर, तर आमच्या गावातला अमुक दुकानदार असाच वागला होता, तमक्यांकडची कामवाली अशीच नजर चुकवायची, या आठवणींच्या जोरावर. भिंग नको, पिस्तूल नको, माणसं बघून बघून जी समज येते ना ती. अहो ही तुमचीच नजर आहे. दिवसभर जिची कोणी दखल घेतली नाही तीच नजर रात्री साडेदहाला पुस्तकात अख्ख्या पोलीस खात्याला पुरून उरते, मग ते वाचून बरं नाही वाटणार तर काय होणार.

तिचीच १९५७ची एक कादंबरी आहे, लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून ४.५०ला सुटणाऱ्या गाडीची. एक बाई त्या गाडीत बसलीये, शेजारच्या रुळावर दुसरी गाडी त्याच दिशेला जातेय, दोन्ही बरोबरीने धावायला लागतात, तेवढ्यात समोरच्या डब्याच्या खिडकीचा पडदा वर जातो आणि आत एक माणूस एका बाईचा गळा दाबताना दिसतो. मग ती गाडी निघून जाते. ही बाई जीव तोडून सांगते, कोणी विश्वास ठेवत नाही, फक्त मैत्रीण ठेवते, आणि ती मैत्रीण म्हणजे मिस मार्पल. मी हे पहिल्यांदा वाचलं ते फास्ट लोकलमध्ये. मुलुंड मागे पडलं होतं, बाजूने स्लो चालली होती, आणि दोन्ही गाड्यांचा वेग एक झाला की कसं होतं माहितीये ना, दोन्ही गाड्या जणू उभ्याच आहेत असं वाटतं. समोरच्या लेडीज डब्यात एक बाई मांडीवर पेपर पसरून मेथी निवडत होती, काड्या एका बाजूला, पानं पिशवीत, मला तिच्या नखाला लागलेली माती दिसली. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, आम्ही दोघी दोन-तीन सेकंद एकमेकींकडे बघत होतो, मग त्यांची गाडी मागे पडली. त्या कादंबरीतला खुनी कोण हे मी मधल्या काळात विसरलेसुद्धा, पण एक बाई म्हणते "मी पाहिलंय" आणि दुसरी म्हणते "माझा तुझ्यावर विश्वास आहे", हे कधीच विसरले नाही.

ग्रुपमधल्या त्या ताईंना माझा निरोप द्या. माझी मुलगी लहान असताना दोन-अडीच वर्षं मी रहस्यकथांपलीकडे काही वाचू शकले नाही, आणि मग एका पावसाळ्यात जाड पुस्तकाची ओढ आपली आपण परत आली, मी काही वेगळं केलं नव्हतं. त्या अडीच वर्षांत रोज रात्री पुस्तक हातात होतं म्हणूनच ती परत यायला रस्ता राहिला असं मला मनापासून वाटतं.

आणि वीसच पानं होत असतील तर कादंबरीच्या मागे लागू नका, चार दिवसांनी उघडली की कोण कोणाचा भाचा हे आठवत बसावं लागतं. कथा घ्या. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश बक्षीच्या कथा बघा, १९३२ पासूनच्या आहेत. तो स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. कलकत्त्यातलं घर, चहा, वर्तमानपत्र, आणि पुढे त्याचं लग्न होतं, संसार होतो, म्हणजे केस चालू असताना घरही चालू असतं. तुम्हाला आवडेल.

नमस्कार. वय ७२, नौपाड्यात राहतो. आम्ही बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचून मोठे झालो, त्यांचे नायक झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू, एका रात्रीत पुस्तक संपवून सकाळी दुसऱ्याला द्यायचं. आता सूनबाई "कोझी मिस्टरी" म्हणून काहीतरी वाचत असते. हा काय नवीन प्रकार? आणि खून वाचून मनाला आराम मिळतो हे मला काही पटत नाही. (वाचक, ठाणे)

काका, प्रकार नवीन नाही, नाव नवीन आहे. कोझी म्हणजे उबदार, पांघरुणातलं. खून होतो पण आपल्यासमोर नाही, दाराआड होतो. शोधणारा माणूस बहुतेक वेळा पोलीस नसतो, म्हातारी बाई, दुकानवाली, लायब्ररीवाली असं कोणीतरी. जागा छोटी, सगळे एकमेकांना ओळखणारे. रक्तामांसाची वर्णनं नाहीत, बेडरूमची नाहीत. अमेरिकेत या धाटणीच्या लेखनाला ॲगाथा ख्रिस्तीच्याच नावाने पुरस्कारसुद्धा देतात.

अर्नाळकरांची गंमत वेगळी होती. त्यांनी हजारावर पुस्तकं लिहिली आणि त्यातला वेग बघा, वेषांतर, पाठलाग, अंधारातून अचानक प्रकट होणारा काळापहाड, वाचताना आपण पळत असतो. पुढे सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद किंवा बॅरिस्टर अमर विश्वास, तिथेही तीच धडधड. कोझीमध्ये आपण बसलेलो असतो. माझ्या मते दोन्ही लागतं, पण वेगवेगळ्या वयात आणि वेगवेगळ्या रात्री लागतं. बीपीची गोळी घेऊन आडवं झाल्यावर मला पळायचं नसतं.

आता तुमचा खरा प्रश्न, खुनाने आराम कसा. खुनाने नाहीच मिळत काका, खुनानंतर जे होतं त्याने मिळतो. सकाळी पेपर उघडा, माणूस मेल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत असते, दुसऱ्या दिवशी त्याचं पुढे काय झालं हे छापूनही येत नाही. या पुस्तकांत मात्र एक माणूस गेला तर तीनशे पानं कोणीतरी त्याच्याच मागे असतं, तो शेवटचं काय जेवला, कोणाला फोन केला, त्याच्यावर कोणाचं प्रेम होतं, सगळं विचारलं जातं. कोणाच्याही मरणाची एवढी चौकशी होते हे वाचूनच मला धीर येतो. म्हणूनच या प्रकारातली काही पुस्तकं मला अजिबात आवडत नाहीत, हल्ली तर बरीच निघालीत तसली, केकचं दुकान, एक मांजर, दुसऱ्या पानावर प्रेत, आणि मेलेल्या माणसाबद्दल अख्ख्या गावात कोणाला एक अश्रू नाही, सगळे मफिन खातायत. ज्या पुस्तकाला मेलेल्याची पर्वा नाही ते मला उबदार वाटूच शकत नाही, गार वाटतं.

ख्रिस्तीबाईंना ती पर्वा होती. पहिल्या महायुद्धात त्यांनी हॉस्पिटलमध्ये काम केलं, नंतर तिथल्याच औषध विभागात, आणि विषांची माहिती त्यांना तिथेच झाली, म्हणून तर त्यांच्या ६६ रहस्यकादंबऱ्यांत विषाने इतके जीव जातात. आजारी, जखमी माणसं जवळून बघितलेली बाई होती ती, मरण तिला ठाऊक होतं.

तुमच्यासाठी सूनबाईंकडून एक मागून घ्या, रिचर्ड ऑस्मनची थर्सडे मर्डर क्लब, २०२० साली आली. निवृत्त लोकांच्या वसाहतीतले चार जण दर गुरुवारी जमून पोलिसांच्या जुन्या न सुटलेल्या केस चघळत असतात, एक माजी नर्स, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक कामगार पुढारी आणि एक हेरगिरीत आयुष्य घालवलेली बाई. मग खरीच केस समोर येते. त्यांचे गुडघे दुखतात, आपली माणसं गमावलेली आहेत, विसरण्याची भीती आहे, आणि लेखक ते लपवत नाही. मला तर वाचताना मासुंदा तलावाला संध्याकाळी कट्ट्यावर बसलेले आपले काकालोक दिसत होते.

आणि खून अगदीच नको असेल तर अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांची बोट्स्वानातली मा रामोत्स्वे, १९९८ पासूनची मालिका. वडील गेल्यावर त्यांनी ठेवलेली गुरं विकून ही बाई डिटेक्टिव्ह एजन्सी काढते. हरवलेला नवरा, खोटं बोलणारा जावई अशा केसेस, मधेमधे लाल रंगाचा बुश टी, आणि वडिलांची आठवण. सावकाश वाचायचं पुस्तक.

मी रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचते. मैत्रिणी म्हणतात पाप आहे. खरं का? (वाचक, कोपरखैरणे)

पाप कसलं. रोनाल्ड नॉक्स नावाचे इंग्रज धर्मगुरू होते, ते स्वतः रहस्यकथा लिहायचे, त्यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम केले, म्हणजे धागेदोरे वाचकापासून लपवायचे नाहीत वगैरे, आणि ते दहाच्या दहा लेखकासाठी आहेत, वाचकासाठी एकही नाही. काही जणांना धाकधूक सहन होत नाही, शेवट कळला की मग निवांत वाचता येतं, लेखकाने खुनी आपल्या डोळ्यासमोर कसा बसवून ठेवलाय हे बघता येतं. फक्त एवढं करा, चांगल्या लेखकाचं पुस्तक असेल तर एकदा, एकदाच, स्वतःला फसू द्या. ती मजा पुन्हा मिळत नाही.

माझी आई तर वाचलेलीच पुस्तकं परत परत आणायची. लायब्ररीचं पुस्तक वाचून झालं की ती २१व्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलने बारीक टिंब देते, म्हणजे पुढच्या वेळी उघडल्यावर कळावं की हे झालंय. पण टिंब दिसलं तरी घरी घेऊन यायची, म्हणायची, अगं झालंय म्हणूनच आणलं, आज मला काही नवीन सोसणार नाही. मग दुसरं टिंब, तिसरं टिंब.

मुलगी ११ वर्षांची, इंग्लिश मीडियम. इंग्रजी भराभर वाचते, मराठी वाचायला घेतलं की पाच मिनिटांत कंटाळते. रहस्यकथांनी सुरुवात करावी का? कुठली? (एक बाबा, नेरूळ)

हो, लगेच करा. पुढे काय झालं हे कळायची घाई असली की जोडाक्षरं अडवत नाहीत.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आधी. फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला बनेश, काटकुळा, सायकलवर सुसाट, तोंडाने ट्टॉक करणारा. वाक्यं छोटी आहेत, संवाद भरपूर, आणि मुलगा हुशारीपेक्षा धडपडीने जिंकतो हे मला फार आवडतं. त्यानंतर फेलूदा हा बंगाली डिटेक्टिव्ह. सत्यजित राय यांनी १९६५ साली संदेश या मुलांच्या मासिकात त्याला आणला, मराठीत अशोक जैन यांनी केलेले अनुवाद रोहन प्रकाशनाने काढलेत, भाषा वाहती आहे, अनुवाद वाचतोय असं वाटतच नाही. गोष्ट सांगतो तो फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे, शाळकरी मुलगा, त्यामुळे तुमच्या मुलीला स्वतःची जागा मिळेल.

एक विनंती बाबा. मधेच थांबवून शब्दांचे अर्थ विचारू नका, शुद्धलेखन नको, "मराठी सुधारेल हं" हे तर तिच्या कानावरही पडू देऊ नका. पहिली तीन प्रकरणं तुम्ही मोठ्याने वाचा, रात्री, आणि ऐन वेळी झोप आली म्हणून पुस्तक तिच्या उशाशी ठेवून उठून जा.

ताई, आठ महिन्यांपूर्वी बाबा गेले. आई आयुष्यभर वाचणारी, पण तेव्हापासून तिने पुस्तक हातात घेतलेलं नाही. मी हलकं, विनोदी, सगळं आणून बघितलं, ती जपानी कॉफी शॉपवाली कादंबरीही आणली, टीपॉयवर ढीग झालाय. ती म्हणते ठेव, वाचते, आणि वाचत नाही. काय देऊ? (वाचक, कळवा)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. उत्तर म्हणून माझ्या घरात जे झालं तेच सांगते.

माझे बाबा गेले तेव्हा आईनेही असंच केलं. मीही तुमच्यासारखीच आणत सुटले. चिं. वि. जोशींचा चिमणराव आणून दिला, जो ती एरवी पाठ म्हणून दाखवायची, तर तिने दोन पानं उलटली आणि चष्मा काढून ठेवला. मला वाटलं पुस्तकं चुकतायत, म्हणून मी आणखी आणली. चूक माझी अशी झाली की तिच्यासाठी लायब्ररीतून पुस्तक कोण आणायचं हे माझ्या लक्षातच आलं नाही. बाबा आणायचे. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात, जे १८९३ सालापासून चालू आहे, दर शनिवारी ते जुनं परत करून नवीन घेऊन यायचे, येताना जांभळी नाक्यावरून भाजी, आणि कापडी पिशवीत पुस्तक कायम भाजीच्या वर, ओलं होऊ नये म्हणून. पिशवी हातात दिली की आई आधी पुस्तक काढायची मग भाजी. म्हणजे पुस्तक हे नुसतं पुस्तक नव्हतंच, ते शनिवारी बाबा घरी आल्याची खूण होतं, आणि मी आपली ऑनलाइन मागवून खोक्यातून काढून देत होते.

सात-आठ महिन्यांनी एक दिवस पोळ्या लाटता लाटता ती एकदम म्हणाली, "त्या पुस्तकात शेवटी विष कोणी घातलं होतं गं?" मला कळेचना कुठल्या. मग लक्षात आलं, बाबांना ॲडमिट केलं त्या आठवड्यात ती एक रहस्यकथा वाचत होती, अर्धीच राहिली, मी गडबडीत ती परत करून टाकलेली. तिला तेच हवं होतं, नवीन काही नको, विनोदी नको, जिथे सगळं थांबलं तिथलंच अर्धं पुस्तक.

तेव्हा आधी हे बघा की तुमची आई बाबा जायच्या वेळी काय वाचत होती. कपाटात, उशीखाली, हॉस्पिटलला नेलेल्या पिशवीत शोधा, त्यात खुणेला घातलेलं काही असेल तर काढू नका. आणि ते पुस्तक घरात कसं यायचं, कोण आणायचं, कुठल्या वारी, हेही आठवा. टीपॉयवरचा ढीग मात्र आजच हलवा, रोज तो समोर दिसला की तिला वाटत असेल आपण पोरांचं एवढंही ऐकत नाही. पुस्तक मिळालं तर तिच्या हातात देऊ नका, तुम्हीच शेजारी बसून मोठ्याने वाचायला घ्या, जिथे खूण आहे तिथून, मागचं आठवत नसलं तरी. ती सांगेल मागचं. न सांगितलं तर त्या दिवशी नुसतं वाचा आणि पुढच्या शनिवारी परत बसा.

मी शनिवारी संग्रहालयात गेले, पुस्तक शोधून घेतलं, येताना भाजी घेतली. पिशवी आईच्या हातात दिली. तिने पुस्तक काढलं, पुसलं, ओट्यावर ठेवलं, त्या दिवशी वाचलं नाही. मंगळवारी रात्री तिच्या खोलीतला दिवा साडेअकरापर्यंत चालू होता. दोन आठवड्यांनी मी परत द्यायला नेताना २१वं पान उघडून बघितलं, तीन जुनी टिंबं फिकट झालेली, आणि त्यांच्या शेजारी चौथं, जरा दाबून दिलेलं.